लोकांना आवडणारी जिओकॅश कशी असते? सातारा भागात डबा ठेवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

काही कॅश, म्हणजे कोऑर्डिनेटवरून शोधायचे लपवलेले डबे, शोधून झाल्या, आता स्वतःची एक ठेवायची आहे आणि ती लोकांनी नुसती नोंदवून पुढे न जाता आवडीने लक्षात ठेवावी असं वाटतं, अशांसाठी हे पान आहे. खेळ कसा खेळतात, अ‍ॅप कसं उघडायचं वगैरे प्राथमिक गोष्टी इथे घेतलेल्या नाहीत.

एखादी कॅश 'आवडती' आहे हे ठरवतं कोण?

शोधणारे. डिसेंबर २०१० पासून जिओकॅशिंग डॉट कॉमवर फेव्हरिट पॉइंट आहेत. प्रीमियम, म्हणजे पैसे भरून झालेल्या, सभासदाला दर दहा सापडलेल्या कॅशमागे एक पॉइंट मिळतो आणि तो त्याने स्वतः शोधलेल्या कॅशलाच देता येतो. स्वतःच्या कॅशला देता येत नाही. दिलेला पॉइंट काढून घेऊन दुसरीकडेही देता येतो. म्हणजे प्रत्येकाला दहातली एकच निवडायची असते, आणि म्हणूनच या आकड्याला अर्थ आहे.

आपल्याकडे कॅश विरळ आणि शोधणारेही कमी, त्यामुळे नुसता आकडा बघून खट्टू होऊ नका. पॉइंटच्या आकड्यावर टिचकी मारली की टक्केवारी दिसते: शोधून गेलेल्या प्रीमियम सभासदांपैकी किती जणांनी पॉइंट दिला. दहातल्या सहांनी दिलेली कॅश आम्ही हजारातल्या शंभरांनी दिलेल्या कॅशपेक्षा वर धरतो.

पॉइंट जागेला मिळतात की डब्याला?

आधी जागेला, मग डब्याला. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. माणूस गाडी काढून, ऊन खाऊन तुमच्या सांगण्यावरून तिथे आला. त्याच्या त्या वेळेचा तुम्ही विचार केलाय की नाही, हे त्याला दोन मिनिटांत कळतं.

जगात नावाजलेलं उदाहरण घ्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात 'टनेल ऑफ लाइट' नावाची कॅश आहे. २००१ मधली. डबा साधा धातूचा. पण तिथे जाताना बहुतेक जण साडेतीन किलोमीटरहून लांब असा जुना रेल्वे बोगदा विजेरीच्या उजेडात पायी पार करतात. हा डबा २०११ मध्ये चोरीला गेला आणि २०१६ मध्ये कॅश पुन्हा सुरू झाली, तेव्हा लोक लांबलांबून परत आले. लपवण्याची करामत तिथे काहीच नाही. वाट, अंधार आणि शेवटी उजेड, यालाच पॉइंट पडतात.

स्वतःला एक प्रश्न विचारा: डबा सापडलाच नाही तरी इथे आल्याचं समाधान होईल का? उत्तर 'नाही' असेल तर जागा बदला. बसथांब्याच्या बाकाखाली चिकटवलेली चुंबकाची नॅनो, म्हणजे नखाएवढी डबी, दोन मिनिटांत सापडते आणि चारच्या ठोक्याला विसरलेली असते.

साताऱ्यात नावाजलेली ठिकाणं भरपूर आहेत. तिथेच डबा ठेवला तर?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे 'नाही' आधीच समजून घेतलं तर पुढचा त्रास वाचतो.

अजिंक्यतारा असो, सज्जनगड असो की वाईचे घाट, जुन्या बांधकामाच्या फटीत डबा सारणं किंवा दगड हलवून जागा करणं मुळीच चालणार नाही. एक जण डबा ठेवताना एक दगड हलवतो. पुढचे वीस जण शोधताना आजूबाजूचे सगळे हलवतात. कासच्या पठारावर तर डब्याचं नावही काढू नका. जांभ्यावरची माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा जाड नसते. त्या मातीत पोषण कमी, म्हणूनच तिथे दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. कोऑर्डिनेटच्या भोवती पाच मीटरचं वर्तुळ तुडवलं गेलं की ते भरून यायला किती हंगाम जातील याचा भरवसा नाही. कास आणि कोयना अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहेत. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही.

मग नावाजलेली जागा वापरायची कशी? मल्टी कॅश करून. म्हणजे प्रसिद्ध ठिकाणी फक्त बघायचं, मोजायचं, वाचायचं, आणि डबा दुसरीकडे, मालकाच्या परवानगीने. लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर. तिथे काही ठेवायचं नाही. शोधणाऱ्याने कठड्यावरूनच दिसणारी एखादी गोष्ट मोजायची, शिलालेखातला एखादा आकडा घ्यायचा आणि त्यावरून पुढचे कोऑर्डिनेट काढायचे. दोन पथ्यं पाळा. पावसाळ्यात निसरड्या पायऱ्या उतरून जावं लागेल असा प्रश्न नको. आणि जे उत्तर घरबसल्या फोटोत दिसतं तेही नको, नाहीतर लोक विहीर न बघताच शेवटच्या डब्यावर पोचतात आणि सगळ्या कॅशचा जीवच जातो. 

परवानगी कुणाची आणि कशी घ्यायची?

ज्याची जमीन त्याची. खासगी शेत असेल तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची, नुसती गड्याची नव्हे. देवस्थानची जागा असेल तर विश्वस्तांची, गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीची.

शेतकऱ्याशी बोलताना मोबाइलवर नकाशा दाखवून सुरुवात करू नका. रिकामा डबा हातात घेऊन जा आणि उघडून दाखवा: 'काका, यात एक वही आणि पेन्सिल असते, लोक येऊन नाव लिहितात, पुन्हा आहे तिथे ठेवतात.' मग तीन गोष्टी स्पष्ट विचारा. लोकांनी कुठल्या बाजूने यायचं? उभ्या पिकात कुणी शिरणार नाही अशी वाट आहे का? उसाची तोड, पेरणी, जत्रा अशा कुठल्या दिवसांत यायचं नाही? ही उत्तरं कॅशच्या पानावर जशीच्या तशी लिहा. परवानगी देणाऱ्याचं नाव आणि नंबर मात्र पानावर टाकू नका. रिव्ह्यूअरला, म्हणजे प्रसिद्धीआधी कॅश तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, वेगळ्या नोंदीत कळवता येतं.

मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरणं नियमात बसत नाही, आणि झाडाला खिळे ठोकायचे नाहीत.

डबा न ठेवता चांगली कॅश होते का?

होते, आणि आपल्या जिल्ह्याला तर ती फारच शोभते. अर्थकॅशमध्ये डबा नसतो. जागेवरचं भूशास्त्र बघून दोन-तीन प्रश्नांची उत्तरं कॅश-मालकाला पाठवायची असतात. २००४ पासून हा प्रकार आहे.

पाचगणीचं टेबल लँड आणि आसपासच्या सपाट माथ्यांवर जांभा आहे, खाली काळा बेसॉल्ट. ज्वालामुखीचा हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. उष्ण, ओल्या हवेत बेसॉल्टमधला सिलिका वाहून गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा हा लाल, छिद्रांचा थर. प्रश्न असे घाला की हात लावल्याशिवाय उत्तर येणार नाही: तळहाताएवढ्या तुकड्यात किती छिद्रं दिसतात, नखाने ओरखडा उठतो का, थर कुठे संपतो आणि खालचा दगड कोणत्या रंगाचा आहे. दगड फोडायला किंवा नमुना न्यायला सांगायचं नाही.

विषय मोठा असला म्हणजे अर्थकॅश झाली असं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घ्या; धरणातल्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. पण ज्या जागेवर शोधणाऱ्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीच नाही, तिथे फक्त माहिती वाचायला लावणारी अर्थकॅश रिव्ह्यूअर परत पाठवतो.

डबा कोणता घ्यावा?

हे तालुक्यावर आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सातारा शहरात हजाराच्या आसपास, माणमध्ये पाचशेच्या घरात. माणमध्ये चालणारा डबा महाबळेश्वरात जुलै संपेपर्यंत लगदा होतो.

पश्चिमेकडच्या तालुक्यांसाठी प्रीफॉर्म उत्तम. पाण्याच्या बाटल्या ज्या जाड प्लास्टिकच्या नळीपासून फुगवतात ती नळी. आट्याचं झाकण घट्ट बसतं आणि पाणी आत जात नाही. लॉगची, म्हणजे नावं लिहायच्या कागदाची, पट्टी गुंडाळून तिला सुती दोरा बांधा. रबरबँड उन्हाने वितळून कागदाला चिकटतो. वहीसकट वस्तू ठेवायच्या असतील तर चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणात रबरी गॅस्केटचा अन्नाचा डबा घ्या, अर्ध्या ते एक लिटरचा. गॅस्केटखाली वाळूचा कण बसला तरी पाणी शिरतं, म्हणून झाकण पुसून लावा अशी सूचना आतच चिकटवा.

फसणारे प्रकार तीन. एक, श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे डबे: झाकण पहिल्या उन्हाळ्यात तडकतं. दोन, चेनची प्लास्टिक पिशवी: दहा वेळा उघडली की फाटते आणि मग पाणी आत धरून ठेवते. तीन, खाण्याच्या वासाचा कुठलाही डबा. मसाल्याचा डबा कितीही धुतला तरी माकडाला कळतं. चॉकलेट, बिस्कीट तर डब्यात ठेवायचंच नाही. नियमातही बसत नाही आणि मुंग्या-माकडंही सोडत नाहीत.

लिहायला पेन्सिल. बॉलपेनची शाई दमट कागदावर उठत नाही, जेलची पसरते.

हाताने काहीतरी करायला लावणारी कॅश लोकांना जास्त आवडते म्हणतात. घरी बनवता येईल अशी एक सांगा.

खरं आहे. जागा साधी असेल तर अशी यंत्रणा कॅशला उचलून धरते. पाण्याने वर येणारी नळी ही सर्वांत सोपी.

साहित्य: ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप, म्हणजे दुकानात दीड इंची म्हणून मिळतो तो, ६० सेंमी लांब; त्याच मापाच्या दोन एंड कॅप; सॉल्व्हंट; स्टीलचे दोन क्लॅम्प; एक प्रीफॉर्म; चार-पाच खडे.

खालची एंड कॅप सॉल्व्हंटने चिकटवा आणि एक दिवस वाळू द्या. तिच्या मध्यभागी २ मिमीचं भोक पाडा. भोक बुजू नये म्हणून तळाशी खडे टाका. प्रीफॉर्ममध्ये लॉग घालून झाकण लावा आणि पाइपात सोडण्याआधी घरी बादलीत तरंगवून बघा: झाकण पाण्याबाहेर राहायला हवं. बुडत असेल तर झाकणाखाली बुचाची चकती बसवा. पाइप शेताच्या कुंपणाच्या दगडी किंवा सिमेंटच्या खांबाला उभा क्लॅम्प करा. वरची कॅप न चिकटवता नुसती बसवा आणि तारेने बांधून ठेवा, म्हणजे हरवत नाही.

६० सेंमी पाइपला साधारण एक लिटर पाणी लागतं. शोधणारा भराभर ओतत गेला तर भोकातून थोडंच गळतं, नळी तरंगत हाताशी येते. पाच-सहा मिनिटांत पाणी आपोआप निघून जातं. ते भोक वगळू नका. पाणी साचून राहिलं तर डेंग्यूच्या डासांची सोय होते, आणि त्यात वरची कॅपही नसेल तर पावसाळ्यात पाइप भरून नळी कायम वरच दिसत राहते. आणखी एक बिघाड हमखास होतो: कुंभारीण माशी पाइपाच्या तोंडाशी मातीचं घर करते. दर भेटीत वरून विजेरी मारून बघा.

'दीड लिटर पाणी सोबत आणा' हे पानावर ठळक लिहा. आणि ही कॅश माण-खटावकडे करू नका. जिथे लोक टँकरची वाट बघतात तिथे पाइपात पाणी ओतायला लावणं बरं नव्हे.

कोडं अवघड केलं तर जास्त पॉइंट मिळतात का?

नाही. सुटल्यावर 'अरेच्चा, हे तर समोरच होतं' असं वाटलं तर मिळतात. चार पायऱ्यांचं सांकेतिक लेखन, ज्यात कुठल्या पायरीवर चुकलं हेच कळत नाही, त्याने लोक वैतागतात. कोऑर्डिनेट तपासण्याची सोय पानावर चालू ठेवा, म्हणजे चुकीचं उत्तर घेऊन कुणी बोरणे घाट चढणार नाही.

अवघडपणा आणि वाटेचा दर्जा एक ते पाच असा अर्ध्या-अर्ध्याने देतात. प्रामाणिकपणे द्या. दीड लिहिलेल्या वाटेवर हात टेकून चढावं लागलं तर डबा कितीही सुंदर असो, लॉगमध्ये नाराजीच येते.

कोऑर्डिनेट बरोबर घेतले तरी लोकांना सापडत नाही, असं का?

बहुतेक वेळा एकदाच घेतलेले असतात. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असतो; कड्याच्या पायथ्याशी सिग्नल दगडावर आपटून येतो आणि चूक बरीच वाढते. जागेवर दोन-तीन मिनिटं थांबून आकडा घ्या, तीसेक मीटर लांब जाऊन परत या, पुन्हा घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी हेच करा आणि सरासरी काढा. मग उपग्रह नकाशावर ठिपका ओळखीच्या झाडाशी किंवा बांधाशी जुळतो का बघा. अक्षांशात मिनिटाचा एक हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर, त्यामुळे तिसऱ्या दशांश स्थळाशी ढिलाई नको.

दुसरी मोठी चूक लिहिण्याची. कॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं चालतात, नकाशाचं अ‍ॅप मात्र दशांश अंश देतं. १७.६८०५ अंश म्हणजे १७ अंश ४०.८३० मिनिटं. दशांश चिन्हानंतरच्या भागाला ६० ने गुणायचं, इतकंच. न गुणता १७.४०८३ अंश हेच १७ अंश ४०.८३ मिनिटं म्हणून भरलं, तर जागा तीस किलोमीटर सरकते.

पानावर काय लिहावं?

गाडी कुठे लावायची याचे वेगळे कोऑर्डिनेट, एसटीने येणाऱ्याला कुठे उतरायचं, पायी किती वेळ, कोणत्या महिन्यांत येऊ नये. मजकूर मराठीत आणि इंग्रजीतही द्या. बाहेरगावचे शोधणारे येतात, आणि गावातलं कुणी पान उघडून बघितलं तर त्यालाही कळायला हवं. जागेचा इतिहास लिहायचा तर जे त्या जागेवर दिसतं त्याच्याशी जोडून लिहा. विश्वकोशातून उचललेली चार पानं कुणी वाचत नाही. हिंट खरोखर उपयोगी असावी. 'दगडाखाली' ही हिंट सह्याद्रीत काही कामाची नाही.

पोलीस किंवा गावकऱ्यांनी बेवारस वस्तू समजून घेतली तर?

ही शक्यता धरूनच चाला. डबा पारदर्शक घ्या, बाहेरून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: 'हा खेळाचा डबा आहे. आत वही व पेन्सिल आहे. कृपया जागेवर ठेवा.' खाली कॅशचा क्रमांक. वायर, बॅटरी, टेप गुंडाळलेले पाइप असलं काही वापरून गर्दीच्या जागी ठेवू नका. वरची पाण्याची नळीसुद्धा शेतासाठीच आहे. स्थानक, शाळा, सरकारी कचेरी, धरणाची भिंत, पूल या जागा टाळाच.

शोधणाऱ्याच्या जिवाला धोका कशाकशाचा?

कड्यांवरच्या आग्या मोहोळांचा सर्वांत मोठा. कड्याच्या कपारीत डबा ठेवण्याआधी वर मान करून बघा, आणि उग्र अत्तर लावून येऊ नका असं पानावर लिहा. फुरसं आणि विंचू दगडांच्या फटीत असतात, म्हणून न दिसणाऱ्या फटीत हात घालावा लागेल असं लपवूच नका. डबा डोळ्यांना दिसेल आणि काठीने ओढता येईल असा असावा. ठोसेघरसारख्या धबधब्यांच्या काठाजवळ पावसाळ्यात कुणी कडेला जाणार नाही इतक्या लांब ठेवा. परदेशी पाहुण्यांसाठी एक ओळ घाला: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणं परवान्याशिवाय भारतात आणता येत नाहीत. 

देखभाल किती करावी लागते?

वर्षातून तीनदा तरी जाणं भाग आहे. मेअखेर, पावसाआधी: कोरडा लॉग, गॅस्केट पुसून. ऑक्टोबरात: वाढलेलं गवत आणि सरकलेले दगड बघायला. फेब्रुवारीत: डोंगरावर वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा डब्याभोवती सुकं गवत साचलं असेल तर डबा उघड्या खडकाजवळ हलवा. गवतात ठेवलेलं प्लास्टिक वणव्यात वितळून जातं. काही मीटरच जरी हलवलं तरी कोऑर्डिनेट पुन्हा घेऊन पानावर बदला.

लागोपाठ दोन 'सापडली नाही' नोंदी आल्या की थांबू नका, जाऊन बघा. लगेच जमत नसेल तर कॅश तात्पुरती बंद करा. ओला लॉग आणि गायब डबा यांनी जुने पॉइंट जात नाहीत, पण नवे येणं मात्र तिथेच थांबतं. पुण्या-मुंबईला राहून गावाकडे कॅश ठेवणाऱ्यांनी जवळचा एक माणूस आधी तयार करावा. चांगल्या कॅश बहुतेक याच कारणाने मरतात.

एकाच रस्त्यावर वीस डबे ठेवले तर जास्त लोक येतील ना?

येतील, आकडे वाढवायला. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं एवढाच नियम. वीस डबे बसतीलही. पण वीस डब्यांची देखभालही वीसपट. आमचं मत: एकच ठेवा.

डब्यात वस्तू काय ठेवाव्यात?

लहान मुलं सोबत येतात, त्यांना उघडताना मजा यावी इतपत: भोवरा, गोट्या, जुनी नाणी, शंख. चाकू, लायटर, औषधं, दारू नाही. ट्रॅव्हल बग, म्हणजे क्रमांकाचा बिल्ला लावलेली, डब्यातून डब्यात फिरणारी वस्तू, ठेवायचा असेल तर डब्याचं तोंड त्याच्यासाठी पुरेसं रुंद आहे का बघा आणि ठेवल्याची नोंद पानावर लगेच करा. नोंद नसलेला बग पुढचा माणूस खेळणं समजून घेऊन जातो.